ठिबकच्या नळीचा वितळणबिंदू: दोन लॅब, दोन आकडे

संत्रेवाला

मंडळी, मोर्शी तालुक्यात आमचं संत्र्याचं वावर आहे आणि पोटापाण्यासाठी मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. बागेत ठिबकच्या दोन प्रकारच्या नळ्या आहेत. एक जुनी, बरेच उन्हाळे खाल्लेली, तरी अजून वाकवली की वाकते. दुसरी नंतर घेतलेली, स्वस्तातली. ही ड्रिपरच्या भोकापाशी उभी चिरत चालली आहे. बोटांत धरून दुमडली की दुमडीवर करडी रेघ उठते आणि सरळ केली तरी जात नाही.

एका माजी विद्यार्थ्याने दोन्हींचे तुकडे नागपूरला नेऊन डीएससी (डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमेट्री, म्हणजे नमुना तापवत तो कुठे किती उष्णता घेतो ते मोजायची चाचणी) करून आणले. जुन्या नळीचा तुकडा आणखी एका लॅबमध्येही गेला. इथे ग्राफ चढत नाहीये, म्हणून शब्दांत सांगतो.

जुनी नळी: पहिल्यांदा तापवताना ७४ अंश सेल्सिअसजवळ एक बारीक उंचवटा, मग ९०-१०० पासून हळूहळू फुगत जाणारा भाग आणि १२४ ला शिखर. थंड करून परत तापवली तर शिखर जवळपास तिथेच, पण ७४ चा उंचवटा गायब.

नवी नळी: १०९ ला खांदा, १२७ ला शिखर आणि पार पुढे १६२ ला एक छोटं टेकाड.

आणि दुसऱ्या लॅबने जुन्या नळीचं शिखर १२६ दिलंय!

शुद्ध पदार्थाचा वितळणबिंदू ठरलेला असतो असं मी दरवर्षी पोरांना सांगतो. मग इथे एकाच नळीचे दोन आकडे कसे? ७४ ला वितळलं ते काय? आणि १६२ ला?

पऱ्हाटी

सर, चिरली तं फेकून द्या अन् दुसरी आना. थे कितीवर वितयते हे पाहून काय करता? आमच्या वावरात नयी वितयून नाही जात, खारीनं कुरतडून जाते. मे महिन्यात पानी नाही भेटलं का खार सरळ नयीलेच दात लावते.

तापमापी

खारीचे दात डीएससीत दिसत नाहीत, तेवढं मान्य. :) बाकी बरंच दिसतंय. मी या यंत्रावर बरीच वर्षं काम केलंय आणि मूळची हिंगणघाटची आहे, त्यामुळे नळीही माहीत आहे आणि ऊनही.

ज्यांनी यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲल्युमिनियमच्या दोन चिमुकल्या वाट्या असतात. एकीत पाच-दहा मिलिग्रॅम नमुना, दुसरी रिकामी. दोन्ही नायट्रोजनच्या झोतात एकाच वेगाने तापवायच्या आणि नमुन्याच्या वाटीला किती जास्त उष्णता द्यावी लागते ते नोंदत जायचं. स्फटिक वितळताना उष्णता पितात, तिथे आलेख उचलला जातो. पर्किन-एल्मर कंपनीत वॉटसन आणि ओ'नील यांनी १९६२ मध्ये ही पद्धत बसवली. यंत्र बरोबर सांगतंय की नाही हे बघायला इंडियम धातू वापरतात, तो १५६.६ अंशांना वितळतो.

आता सरांचं वाक्य. वितळणबिंदू ठरलेला असतो, पण मोठ्या स्फटिकाचा. नळीतले स्फटिक फार बारीक असतात. नळी पॉलिएथिलीनची, म्हणजे हजारो कार्बनची एकेक लांबलचक साखळी. ही साखळी स्फटिकात सरळ ताणून बसत नाही. नऊवारीच्या निऱ्यांसारखी मागे-पुढे दुमडत जाते आणि त्यातून पापुद्रे तयार होतात. ब्रिस्टलच्या अँड्र्यू केलर यांनी १९५७ मध्ये पॉलिएथिलीनचे सुटे स्फटिक वाढवून दाखवले, तेव्हा पापुद्र्याची जाडी निघाली दहा नॅनोमीटरच्या आसपास. साखळ्या त्या जाडीला उभ्या, आणि त्यांची लांबी जाडीच्या कैक पट. दुमडल्याशिवाय त्या मावणारच नाहीत.

इतक्या पातळ पापुद्र्यात पृष्ठभाग फार आणि पोट थोडं. पृष्ठभागावरच्या दुमडी ऊर्जेच्या दृष्टीने महाग पडतात, म्हणून पापुद्रा जितका पातळ तितका तो लवकर वितळतो. हाच गिब्ज-थॉमसन संबंध. पॉलिएथिलीनचा जाडातला जाड, आदर्श स्फटिक १४१ अंशांच्या जवळपास वितळेल असं धरतात. नेहमीचे स्थिरांक घालून हिशेब केला तर २० नॅनोमीटरचा पापुद्रा १२८ ला, १० चा ११६ ला आणि चारचा ७५ च्या आसपास वितळतो. पदार्थ तोच, तापमानात पन्नास अंशांचा फरक!

विज्ञानवेडी

मस्त धागा! वाचनखूण साठवली आहे. म्हणजे ताई, सरांचं १२४ चं शिखर साधारण १५ नॅनोमीटरचं झालं, बरोबर? मग ग्राफ सरळ जाडीत बदलून घ्यायचा. कोणत्या जाडीचे पापुद्रे किती, ते सगळं कळलं!

तापमापी

बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. पुष्कळ लेखांत असंच करतातही. मला ते सरसकट पटत नाही आणि सरांच्या प्रश्नाची खरी गाठ तिथेच आहे.

यंत्र नेहमी मिनिटाला १० अंशांनी तापवतात. ६० पासून १३० पर्यंत जायला सात मिनिटं लागली. या सात मिनिटांत पातळ पापुद्रे गप्प बसत नाहीत. काही आपल्या जागीच जाड होतात. काही वितळतात आणि आजूबाजूला अजून टिकून असलेल्या स्फटिकांच्या आधाराने लगेच परत गोठतात, या वेळी जाड. वितळताना उष्णता आत जाते, गोठताना बाहेर येते, आणि यंत्राला दिसते फक्त दोन्हींची गोळाबेरीज. त्यामुळे वरच्या तापमानाला वितळलेला प्रत्येक स्फटिक नमुन्यात सुरुवातीपासून होता असं म्हणता येत नाही. त्यातला काही भाग आपणच तापवता तापवता तयार केलेला असतो.

पाण्याच्या बाटलीचं पीईटी याबाबतीत बदनाम आहे. मंद तापवलं की दोन-दोन, कधी तीन शिखरं. लोक वर्षानुवर्षं वाद घालत राहिले की स्फटिकांचे प्रकार दोन आहेत की दुसरं शिखर तापवण्यातूनच येतंय. जर्मनीत रोस्टॉकच्या क्रिस्टोफ शिक यांच्या गटात मिनाकोव्ह वगैरेंनी २००४ मध्ये सेकंदाला हजार अंशांच्या वेगाने तापवून पाहिलं, तर दोन शिखरांच्या जागी एकच उरलं. स्फटिकांना बदलायला सवडच मिळाली नाही.

संत्रेवाला

सेकंदाला हजार? आमच्या लॅबवाल्या मुलाने मिनिटाला २० केलं तरी 'सर, फार फास्ट होतंय' म्हणाला होता. दुसऱ्या लॅबचा वेग आत्ता विचारून घेतला. २०. पहिलीचा १०.

तापमापी

मग तुमचे दोन अंश सापडले. वेग वाढवला की दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. एकीकडे पापुद्र्यांना जाड व्हायला कमी वेळ मिळतो, त्यामुळे शिखर खाली यायला हवं. दुसरीकडे वाटीच्या तळापासून नमुन्याच्या वरच्या टोकापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो. यंत्र तळाचं तापमान लिहितं आणि नमुना मागे रेंगाळतो, म्हणून शिखर वर सरकल्यासारखं दिसतं. नेहमीच्या वेगांना नळीच्या बाबतीत बहुधा दुसरी गोष्ट जिंकते. नमुना जाड कापला असेल, वाटीच्या तळाशी सपाट बसला नसेल, तर अजूनच. नळीचा तुकडा अर्धगोल असतो, वाटीत झुलतो. दाबून सपाट करून घातला होता का, ते विचारा. आणि इंडियमची तपासणी १० च्या वेगाने करून नमुना २० ने चालवला असेल तर ते दोन अंश नळीच्या नावावर टाकूच नका.

काळी माती

हजार अंश सेकंदाला म्हणजे ती वाटीच वितळायची! हे करतात कसं?

तापमापी

वाटीच नसते. सिलिकॉन नायट्राइडच्या अतिशय पातळ पडद्यावर हीटर आणि तापमापक कोरलेले असतात. सगळी चिप नखाएवढी, आणि मधला तापणारा भाग मिलिमीटरपेक्षा लहान. पडद्याला स्वतःचं वजन जवळजवळ नाही, म्हणून तो क्षणात तापतो आणि क्षणात थंड होतो. बाजारात आलेलं असं पहिलं तयार यंत्र मेटलर टोलेडो कंपनीचं, २०१० चं. ते सेकंदाला काही हजार अंशांनी थंड करतं आणि ४०,००० पर्यंत तापवतं. ६० ते १३० चा प्रवास हजाराच्या वेगाने ०.०७ सेकंदात उरकतो.

नमुना मात्र काही दहा ते शंभर नॅनोग्रॅम लागतो. आधी मायक्रोटोमने नळीची दहा-एक मायक्रॉनची चकती काढायची, मग सूक्ष्मदर्शकाखाली सुरीने त्यातला कण तोडायचा. तो चिमट्यात येत नाही, उडतो. आम्ही काडीला पापणीचा केस चिकटवायचो आणि त्याच्या टोकाने कण उचलून पडद्यावर ठेवायचो. तो कणही तिथे आडवाच पडेल असं नाही. पंखा बंद, एसीचा झोत बंद, आणि शेजारच्याने शिंकायचं नाही. सगळं जमलं की एकदा वितळवून घ्यायचा म्हणजे पडद्याला नीट चिकटतो. पण तिथेच अडचण येते. वितळवला की नळीचा मूळ इतिहास पुसला! म्हणून इतिहास वाचायचा असेल तर सिलिकॉन तेलाचा अगदी पुसट थर खाली देऊन न वितळवताच पहिली तापवण घेतात.

एवढा कण कोणत्याच तराजूवर तोलता येत नाही. त्याचं वस्तुमान वितळण्याच्या उष्णतेवरून किंवा उष्माधारितेवरून उलट्या हिशेबाने काढतात.

फार जोरात तापवण्यालाही मर्यादा आहे. वितळायला स्वतःचा असा थोडा वेळ लागतोच, त्यामुळे एका वेगानंतर स्फटिक आपल्या बिंदूच्या वर जाऊनही क्षणभर टिकतो आणि शिखर परत वर सरकतं. एका वेगाचा आकडा घेऊन काही ठरत नाही. पाच-सहा वेगांना तोच नमुना चालवून शिखर कसं हलतं ते बघायचं.

रानवारा

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात वजनकाटाच दुसऱ्या दशांशावर येऊन थांबतो, पापणीचे केस कुठून आणू. काही स्वस्तातलं सांगा की ताई, पोरांना दाखवण्याजोगं.

तापमापी

भूशास्त्र विभाग असलेलं कॉलेज गाठा. विदर्भात कोळसा आणि मँगनीजमुळे बरेच आहेत. खडक बघायचा ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शक त्यांच्याकडे असतो. औषधांत वापरतात ते पॉलिएथिलीन ग्लायकॉल घ्या, ६००० वालं. काचपट्टीवर चिमूटभर वितळवा, वर कव्हरस्लिप ठेवा आणि थंड होऊ द्या. काळ्या पार्श्वभूमीवर गोल चकत्या फुलत जातात, प्रत्येकीत काळी फुली. परत हळू तापवलं की साठच्या आसपास सगळं काळं. उन्हाळ्यात प्रयोग केला तर थंड व्हायला वेळ लागेल, तेवढं धरून चाला.

हाच पदार्थ घेऊन स्ट्रासबर्गच्या कोव्हाक्स यांनी १९७० च्या दशकात सुंदर काम केलं. त्याच्या साखळ्या आखूड असतात, त्यामुळे स्फटिकात साखळी एकतर सरळ बसते, नाहीतर एकदा दुमडते, नाहीतर दोनदा. अधलंमधलं काही नाही. दर दुमडीगणिक वितळणबिंदू काही अंशांनी खाली येतो. जाडी आणि वितळणं यांचं नातं इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचित दिसतं.

संत्रेवाला

हे दिवाळीनंतर टीवायच्या पोरांकडून करून घेतो. पण ७४ आणि १६२ राहिलंच.

तापमापी

७४ हा मला तुमच्या ग्राफातला सगळ्यात आवडलेला भाग.

ठिबकची नळी एलएलडीपीईची, म्हणजे रेषीय कमी घनतेच्या पॉलिएथिलीनची असते. तिच्या साखळीला मधून मधून आखूड फांद्या असतात आणि फांदी स्फटिकात मावत नाही. दोन फांद्यांमधलं अंतर जेवढं, तेवढीच पापुद्र्याची जाडी. काही ठिकाणी फांद्या दाट, तिथे तीन-चार नॅनोमीटरचेच स्फटिक बनतात. ते ६०-७० अंशांनाही डळमळतात.

मे महिन्यात मोर्शीला हवा ४५ ला जाते तेव्हा उघडी काळी नळी त्याहून बरीच तापते. त्या तापमानाला जे वितळू शकतात ते वितळतात. त्याच्या जरा वरचे जे असतात ते दिवसभर शेकून थोडे जाड, थोडे नीट होतात. संध्याकाळी नळी निवली की वितळलेले परत पातळच गोठतात. असं रोज. शेवटी ज्या तापमानाला नळी शेकली त्याच्या पाच-दहा अंश वर एक उंचवटा जमा होतो. लॅबमध्ये याला अनीलिंग म्हणतात, मुद्दाम ओव्हनमध्ये करतात. तुमच्याकडे ते उन्हाने फुकट केलंय. ७४ चा उंचवटा पाहून मी म्हणेन की नळी ६५-७० पर्यंत शेकत होती. एकदा पूर्ण वितळवलं की ही नोंद जाते, म्हणून दुसऱ्या तापवणीत ती नाही.

कित्येक लॅब पहिली तापवण 'इतिहास पुसायला' म्हणून करतात आणि अहवालात फक्त दुसरी देतात. माल कोणता हे ओळखायला ते ठीक आहे. नळीवर काय बेतलं हे विचारायचं असेल तर पहिलीच हवी. नमुना देतानाच सांगा, नाहीतर ती फाइल पुसून टाकतात.

आता १६२. पॉलिएथिलीनचा आदर्श स्फटिकही १४१ ला संपतो. मिनिटाला १० च्या वेगाने १६२ पर्यंत त्यातलं काही तगणार नाही. ते पॉलिप्रॉपिलीन आहे. १०९ च्या खांद्यावरून मात्र मी काही ठरवणार नाही. तो फिल्मच्या भंगारातल्या एलडीपीईचा (साध्या कमी घनतेच्या पॉलिएथिलीनचा) असू शकतो, एलएलडीपीईचा स्वतःचाही असू शकतो. १२७ चंही तसंच. थोडं एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिएथिलीन) मिसळलं असेल तर ते एलएलडीपीईबरोबर मिळूनच गोठतं आणि वेगळं शिखर देत नाही.

पऱ्हाटी

पॉलिप्रॉपिलीन म्हंजे खताच्या पोत्याचं ना? आमच्याइकडे रिकामे पोते किलोवर नेतात भंगारवाले. थेच नयीत घातले का काय त्याईनं?

तापमापी

भाऊ, एकदम बरोबर जागी बोट ठेवलंत. विणलेली पोती पॉलिप्रॉपिलीनचीच असतात. पोतंच होतं, की बादलीचं झाकण, की दोरी, ते ग्राफ सांगत नाही. पण पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएथिलीन एकमेकांत मिसळत नाहीत. वितळलेलं असतानाही वेगळे थेंब राहतात, आणि गोठल्यावर त्या थेंबांच्या कडेला पकड नसते. ड्रिपरच्या भोकापाशी आधीच ताण असतो, चीर तिथूनच धरते. सरांच्या दुमडीवरची करडी रेघही तशाच सुटलेल्या कडांची असावी.

विज्ञानवेडी

आणि स्फटिकांचं प्रमाण? जुन्या नळीत ते वाढलं असेल ना?

तापमापी

वाढतं. वितळायला लागलेल्या उष्णतेला २९३ ने भागायचं, ग्रॅममागे ज्यूलमध्ये. तेवढी उष्णता शंभर टक्के स्फटिक असलेल्या पॉलिएथिलीनला लागते असं मानतात. १२० आली तर ४१ टक्के. उन्हातली अतिनील किरणं आणि हवेतला ऑक्सिजन स्फटिकांमधल्या विस्कळीत भागातल्या साखळ्या तोडतात. सुटलेले आखूड तुकडे मोकळे झाले की शेजारच्या स्फटिकांना जाऊन चिकटतात. टक्का वाढतो आणि नळी ठिसूळ होते, कारण एका पापुद्र्याला दुसऱ्याशी बांधणाऱ्या साखळ्याच तुटलेल्या असतात. म्हणून टक्का वाढला म्हणजे नळी मजबूत झाली, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

हे आधी सालीत होतं. बाहेरची साल ब्लेडने खरवडून एक नमुना, आतल्या भिंतीचा दुसरा, असे वेगळे द्या. तुमची जुनी नळी अजून वाकते म्हणजे तिच्यात काजळी नीट पसरवलेली असणार. भारतीय मानकांत काळ्या नळीला साधारण अडीच टक्के काजळी सांगितली आहे, ती ऊन अडवते.

पऱ्हाटी

आमाले काही डीएससी भेटत नाही. दुकानातच कसं ओयखायचं थे सांगा ताई.

तापमापी

पक्कं असं दुकानात ओळखता येत नाही. नळीवर आयएस १३४८८ किंवा १२७८६ आणि आयएसआय चिन्ह छापलेलं पाहा, बिलावर लिहून घ्या. एक बोटभर तुकडा पाण्यात टाका, बुडबुडे झटकून. पॉलिएथिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं. तुकडा बुडला तर त्यात खडूची भुकटी बरीच भरली आहे. तरंगला म्हणजे चांगलाच असं मात्र नाही, पॉलिप्रॉपिलीनही तरंगतं.

पऱ्हाटी

घरी चार बंडलं पडले हायेत तीन ठिकानचे. उद्या सकायी हौदात टाकून पाह्यतो.

संत्रेवाला

ताई, आता परत नमुने पाठवतोय. साल आणि आतली भिंत वेगळी, दोन्ही तापवणींच्या फाइली, वेग ५, १० आणि २०, प्रत्येक वेगाला इंडियम. सोबत घरच्या युरियाच्या पोत्याचा एक पट्टाही देतो. १६२ शी जुळतो का बघू.

तापमापी

पट्टा जरूर द्या, पण त्याची पहिली तापवण नळीशी जुळवत बसू नका. पोत्याचा पट्टा कारखान्यात ओढून ताणलेला असतो, साखळ्या एका दिशेला लागलेल्या. पहिल्यांदा तापवताना त्याचं शिखर वर सरकलेलं किंवा दुभंगलेलं दिसू शकतं. वाटीत घालताना बारीक कापून घाला, लांब पट्टा गुंडाळून नको, तो आकसतो आणि वाटीचा तळ सोडतो. तुलना दुसऱ्या तापवणीची करा, दोघांना सारख्याच वेगाने थंड करून. आणि जुळलं तरी 'पोतं' असं लिहू नका, 'पॉलिप्रॉपिलीन' एवढंच लिहा.